पांढरी चार

मोशीच्या जुन्या गावठाणात शालनबाईंचा आवाज कुणाला ओळखू आला नाही असं कधी झालं नव्हतं. घरची शेती होती तेव्हा त्यांनी बांधावरून हाक मारली, की इंद्रायणीच्या पलीकडच्या मळ्यातला माणूसही काम थांबवून वळून बघायचा. आता त्या शेतात उंच इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि हाक मारायला बांधच उरला नव्हता. पण आवाज होता तसाच होता. दर गुरुवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळात तो भजनातून बाहेर पडायचा आणि रस्त्यावरच्या बसच्या हॉर्नलाही पुरून उरायचा.

महिला भजनी मंडळ त्यांनीच उभं केलेलं. निम्म्या बायका गावच्या, निम्म्या नव्या सोसायट्यांतल्या. त्यांतली कुणी लातूरकडची, कुणी चिपळूणची, कुणी जळगावची. नवरे चाकणला कंपनीत, काही जणी स्वतःही कंपनीत. पेटीवर किसनराव, मंडळातला एकमेव पुरुष. शालनबाई मधोमध मांडी घालून बसायच्या, हनुवटी वर करायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "किसनभाऊ, काळी पाच."

पेटीवरची ही पट्टी उंच. अभंग वरच्या टप्प्यावर गेला की त्या पट्टीत भल्याभल्यांचा गळा ताणला जातो. शालनबाईंचा जात नव्हता. साठी उलटेपर्यंत तरी नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका मोठ्या सोसायटीनं मंडळाला बोलावलं. हॉल भरलेला, समोर काठापदराच्या साड्या, हातात तिळगुळाच्या वाट्या. पहिला अभंग झाला. दुसऱ्या अभंगाच्या तिसऱ्या कडव्यात शालनबाई वर चढल्या आणि जुनं धोतर फाटावं तसा त्यांचा आवाज टर्रकन फाटला. त्यांनी खाकरून पुन्हा सूर धरला, तर तोंडातून नुसती हवा आली. पुढच्या रांगेतल्या दोघी ओठ दाबून हसल्या. शेजारी टाळ घेऊन बसलेल्या सुभद्राबाईंनी कसंबसं कडवं ओढून नेलं. शालनबाई नुसता टाळ वाजवत राहिल्या आणि त्यांची नजर जी गालिच्याला चिकटली ती कार्यक्रम संपेपर्यंत निघाली नाही.

घरी आल्यावर उपचारांची रांग लागली. हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमधाची कांडी झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या. मुलगा सार्थक याची बायको उत्कर्षा हिंजवडीला नोकरी करायची, तिनं कुठल्याशा वड्या आणून दिल्या. कशानं काही फरक पडेना. बोलताना आवाज घोगरा यायचा आणि दुपारनंतर तर तोही बसायचा. महिनाभरानं शालनबाईंनी टाळ कापडात गुंडाळून फडताळात ठेवले.

"झालं आता," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "गळा संपला. मंडळ सुभद्राबाईनं बघावं."

सोपानरावांनी फडताळाचं दार लावून घेतलं. ते फारसे बोलतच नसत. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना बोलायला फट सापडली नव्हती.

दोन गुरुवार शालनबाई देवळात आल्या नाहीत, तेव्हा विजयश्री घरी आली. ही लातूरकडची, तिशी-पस्तिशीची बाई. महाळुंग्याला पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये लाइनवर कामाला होती. मंडळात ती मागच्या रांगेत बसायची आणि तिचा आवाज कसा आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. दारातच तिला शालनबाईंचे भरलेले डोळे दिसले.

"काकू, कामून रडायलात?"

"गळा गेला, बाई."

"गळा कुठं जात नसतो. थकत असतो. मशिनीच्या आवाजात वरडून वरडून माझाबी असाच बसला होता की. दिवाळीपस्तोर बोलता येत नव्हतं मला. चिंचवडला एक मॅडम आहेत, आवाजाचाच इलाज करतात. मी रजा टाकते, तुमी चला."

"आवाजाचा कसला इलाज? वयच झालं."

"वय झालं असंल तर तसं त्या सांगतील. बघून तर या!"

चिंचवडच्या त्या दवाखान्यात आधी डॉक्टरांनी बारीक कॅमेऱ्यानं घसा तपासला आणि पडद्यावर चित्र दाखवलं. आपला गळा आतून असा दिसतो हे शालनबाईंना ठाऊकच नव्हतं. दोन पांढुरक्या पट्ट्या मिटत होत्या, उघडत होत्या, एखाद्या पाखराच्या चोचीसारख्या. त्या पट्ट्यांच्या कडेला दोन्ही बाजूंनी खसखशीच्या दाण्याएवढं काहीतरी उठून आलं होतं.

"ताणून गाऊन आणि ओरडून आलेल्या गाठी आहेत," डॉक्टर म्हणाले. "घाबरायचं कारण नाही. कापाकापीची गरज दिसत नाही. रश्मी मॅडमकडून व्यायाम शिका, त्या सांगतील तसं वागा."

रश्मी मॅडम उत्कर्षाच्याच वयाच्या निघाल्या. त्यांनी शालनबाईंना आधी गायला सांगितलंच नाही. त्या प्रश्न विचारत सुटल्या. पाणी किती पिता? जेवण कधी? झोप कधी? तंबाखू?

"तंबाखू न्हाई," शालनबाई ठामपणे म्हणाल्या.

"आणि मिसरी?"

"मिसरी लावते. ती काय तंबाखू हाय का?"

"भाजलेला तंबाखूच आहे तो, आजी. ती सोडायची."

शालनबाईंनी विजयश्रीकडे असं पाहिलं, की विजयश्रीनं घाईघाईनं भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं.

पाणी त्या दिवसभरात जेमतेम तांब्याभर प्यायच्या. गुरुवारी भजनाहून आल्यावर उशिरा ठेचा-भाकरी खाऊन लगेच आडव्या व्हायच्या. रश्मी मॅडमनी समजावून सांगितलं, की जेवून लगेच झोपलं तर पोटातलं आंबट पाणी वर येतं आणि घशाला भाजून काढतं. मग म्हणाल्या, "आता भजनाला बसता तशा बसा बघू."

शालनबाई जमिनीवर बसल्या. पाठीला पोक आलं, हनुवटी आपोआप छताकडे गेली.

"आजी, विमान बघताय का?"

शालनबाईंना हसू फुटलं आणि हसता हसता खोकला आला. मॅडमनी त्यांच्या बैठकीखाली घडी घातलेली चादर सरकवली, पाठ सरळ केली, हनुवटी हलक्या हातानं खाली आणली. मग त्यांना आडवं निजवून पोटावर एक पुस्तक ठेवलं. "श्वास घेताना हे वर आलं पाहिजे. खांदे हलायचे नाहीत. गाण्याचं ओझं गळ्यानं उचलायचं नसतं, श्वासानं उचलायचं असतं. आजवर तुमच्या गळ्यानं एकट्यानं वाहिलंय सगळं."

निघताना त्यांनी शेवटची गोष्ट सांगितली. आठवडाभर बोलायचं नाही. अगदीच अडलं तर हळू आवाजात एखादा शब्द. "आणि कुजबुजायचं तर मुळीच नाही. त्यानं जास्त ताण पडतो."

"आठवडाभर?" शालनबाई कुजबुजल्या.

"हेच ते," रश्मी मॅडम म्हणाल्या.

त्या आठवड्यात घरात नवल घडलं. पहिल्या दिवशी सगळे गप्प होते. दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता सोपानराव म्हणाले, "आपल्या विहिरीवरच्या जांभळाची एक गंमत हाय बघ." आणि त्यांनी ती गंमत सांगितली. शालनबाईंनी ती ऐकली. मध्ये बोलता येत नव्हतं, त्यामुळे शेवटपर्यंत ऐकली. गंमत चांगली होती. मग सोपानरावांचा बांध फुटला. लग्नाआधी ते तमाशाच्या फडामागं आळेफाट्यापर्यंत सायकलनं गेले होते, हेही शालनबाईंना तेव्हाच कळलं. त्यांनी डोळे मोठे केले, लाटणं उचलून दाखवलं. सोपानराव खुशीत म्हणाले, "आता काय उपेग? तुला वरडायची बंदी हाय."

सकाळ-संध्याकाळ व्यायाम चालायचा. साध्या पाण्याची वाफ घ्यायची, त्यात बाम वगैरे काही नाही. पाण्याच्या पेल्यात शहाळ्याची नळी बुडवून बुडबुडे काढत 'ऊ' म्हणायचं. ओठ सैल सोडून फुर्रर्र करायचं. पहिल्यांदा ते फुर्रर्र ऐकून सोपानराव अंगणात धावले होते, त्यांना वाटलं कुणी ट्रॅक्टर आणला. मिसरी सोडणं मात्र जड गेलं. सकाळी हात आपोआप डबीकडे जायचा. तिसऱ्या दिवशी त्यांनी डबी शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर भिरकावून दिली. दुपारी जाऊन शोधलीही, पण नशीब, सापडली नाही.

गुरुवारी त्या देवळात गेल्या. गायला नाही, नुसत्या बसायला. भिंतीला पाठ टेकून, चादरीच्या घडीवर.

त्या दिवशी शालनबाईंनी आपलं मंडळ पहिल्यांदा ऐकलं.

इतकी वर्षं कानात आपलाच आवाज भरलेला असायचा. आता त्या बाहेर बसून ऐकत होत्या. सुभद्राबाईंनी काळी पाचमध्ये सूर लावला, ध्रुवपद सुरू झालं आणि एकामागून एक सगळ्या हनुवट्या छताकडे गेल्या. मानेच्या शिरा तटतटल्या. वरच्या ओळीला निम्म्या बायका गळून पडल्या. चिपळूणची पिंकी नुसते ओठ हलवत होती. विजयश्रीनं तर ओठही मिटले होते. ती टाळी वाजवत खाली बघत होती. ओळ खाली उतरली की सगळ्या परत यायच्या, वर गेली की पुन्हा नाहीशा. तेरा बायकांच्या मंडळात गात होत्या तिघी-चौघी.

म्हणजे आजवर हे असंच होतं? या बायका घरचं आवरून, शिफ्ट करून, दोन बस बदलून गुरुवारी इथं यायच्या, त्या ओठ हलवायला?

अभंग संपला तशा त्या उठल्या आणि पेटीपाशी जाऊन बसल्या. बोलायची बंदी होती. त्यांनी किसनरावांचं मनगट धरलं आणि त्यांची बोटं पट्ट्यांवरून खाली, आणखी खाली सरकवली. किसनराव चकित झाले.

"पांढरी चार? काकी, लई खाली व्हतंय हे."

शालनबाईंनी मान हलवली. व्हय, तेच.

सुभद्राबाईंना हे रुचलं नाही. दोघी गेली पंधरा वर्षं मांडीला मांडी लावून बसत आल्या होत्या. "अगं शालन, ही काय बायकांची पट्टी हाय का? रडगाणं वाटंल. आपल्या मंडळाचं नाव त्या काळी पाचवर हाय!"

शालनबाईंनी हात जोडले आणि मागं वळून विजयश्रीकडे बोट केलं. तू म्हण.

"मी?" विजयश्री दचकली. "काकू, माझा आवाज जाडाय. पोरं हसायची शाळेत."

बोट काही हललं नाही. किसनरावांनी भाता ओढला. विजयश्रीनं पदर सावरला आणि भीतभीत पहिली ओळ म्हटली. आवाज खरंच जाड होता. चुलीवर आटवलेल्या दुधासारखा जाड आणि तसाच गोड. देवळात कुणी हललं नाही. ध्रुवपद आलं, पिंकीनं तोंड उघडलं, तिच्या शेजारणीनं उघडलं, मग सुभद्राबाई सोडून सगळ्याच गाऊ लागल्या. वरची ओळ आली आणि कुणीच गळून पडलं नाही. इतक्या बायकांचा आवाज पहिल्यांदा एकत्र देवळाच्या कमानीला जाऊन लागला. बाहेर चपला काढत असलेला एक माणूस एक चप्पल हातात घेऊन तसाच उभा राहिला.

शालनबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. सुभद्राबाईंनी ते पाहिलं आणि टाळ उचलून त्याही गाण्यात सामील झाल्या.

पुढे मात्र शालनबाईंचीच परीक्षा होती. दुसऱ्यांसाठी पट्टी खाली आणणं सोपं गेलं. स्वतः त्या पट्टीत गायची वेळ आली, तेव्हा मन रुसलं. महिना-दीड महिना त्या चिंचवडच्या फेऱ्या करत होत्या. गाठी बसत चालल्याचं डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं होतं. आवाज स्वच्छ येत होता, पण तो त्यांना आपला वाटेना.

"मॅडम, ह्यो आवाज नदीपल्याड जायाचा न्हाई," त्या रश्मी मॅडमना म्हणाल्या.

"नदीपलीकडे कोण बसलंय आजी, ऐकायला?"

शालनबाई विचारात पडल्या. "कुनी न्हाई. तितं आता गोडाऊन झालंया."

"मग समोर बसलेल्यांना ऐकू आलं तर चालेल की. त्यातून माईक असतो." मग मॅडम म्हणाल्या, "वय वाढलं की बाईचा आवाज थोडा खाली उतरतो. तो बिघडत नाही, घर बदलतो. नव्या घरात दोन दिवस करमत नाही, एवढंच."

शालनबाईंनी ते मनावर घेतलं. रोज पहाटे अंगणात चादरीच्या घडीवर बसून त्या खालच्या सुरात हळूहळू फिरू लागल्या. कुठं दार आहे, कुठं खिडकी आहे, बघत. आणि एके दिवशी त्यांना सापडलं, की खालच्या सुरात शब्द जास्त वेळ तोंडात राहतो. पूर्वी वर पोचायच्या घाईत शब्द नुसते तुडवले जायचे. आता एकेक शब्द जिभेवर विरघळवता येत होता. सोपानराव खाटेवर बसून ऐकत होते. "लगीन झालं तवा तू पाळण्याजवळ असंच म्हणायचीस," ते म्हणाले, आणि जरा विचार करून स्वतःच दुरुस्त केलं, "म्हंजी सार्थक झाला तवा. लग्नात कुटला पाळणा!"

चैत्रात आळंदीला महिला भजनी मंडळांची स्पर्धा होती. मोशीचं मंडळ टेम्पोत बसून गेलं. उत्कर्षानं सगळ्यांसाठी कोमट पाण्याच्या बाटल्या भरून दिल्या होत्या. सभागृहाच्या मागच्या खोलीत मंडळाचे व्यायाम सुरू झाले. तेरा बायका ओळीनं बसून ओठांनी फुर्रर्र करत होत्या. दुसऱ्या एका मंडळाच्या बाईनं दारातून डोकावून विचारलं, "काय हो, गाडी बंद पडली का तुमची?" त्यावर जी हशाची लाट उठली, तिनं सगळ्यांची भीती धुऊन नेली.

मोशीच्या आधी जे मंडळ गायलं, त्याची गायिका तरुण होती आणि काळी पाचमध्ये विजेसारखी वर जाऊन आली. टाळ्या थांबेनात. मंचाच्या बाजूला उभ्या शालनबाईंचे कान तापले. जुनी खोड जागी झाली. किसनरावांनी ते चेहऱ्यावर वाचलं. "काकी, काय करू? चढवू का? आज गळा साफ हाय तुमचा."

गळा खरंच साफ होता. एकदा गेला असता वर. शालनबाईंनी मागं बघितलं. पिंकी बाटलीतून घोट घेत होती. सुभद्राबाई टाळांची दोरी तपासत होत्या. विजयश्री रात्रपाळी करून थेट आली होती आणि डोळे मिटून पोटानं श्वास घेत होती.

"पांढरी चार," त्या म्हणाल्या.

पहिलं कडवं शालनबाईंनी म्हटलं. ओरडल्या नाहीत, घाई केली नाही. समोर बसलेल्यांना वाटलं, कुणी शेजारी बसून आपल्याला काही सांगतंय. लोक पुढं झुकले. दुसरं कडवं विजयश्रीनं घेतलं आणि सभागृहात कुठंतरी "वाह!" उमटलं. मग ध्रुवपदाला तेरा जणींनी एकदम तोंड उघडलं, तेव्हा मागच्या रांगेतल्या बायका आपोआप टाळ्या धरू लागल्या. शेवटच्या फेरीत शालनबाईंनी डोळे उघडून बघितलं. एकही हनुवटी छताकडे नव्हती.

त्यांना दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं त्या तरुण गायिकेच्या मंडळाला. परीक्षकांनी निकाल सांगताना मोशीच्या मंडळाला उभं केलं आणि म्हणाले, "इथं एक बाई गात नव्हती, मंडळ गात होतं." सुभद्राबाईंनी शालनबाईंच्या बरगडीत कोपर मारलं. "बघ, मी म्हणत व्हते ना, खालचीच पट्टी बरी!" शालनबाईंनी एवढंच म्हटलं, "व्हय गं, तूच म्हणत व्हतीस."

तरुण गायिका मुद्दाम भेटायला आली. तिच्या बोलण्यात बारीकशी खरखर होती. शालनबाईंनी ती लगेच ओळखली आणि तिला बाजूला घेऊन रश्मी मॅडमचा पत्ता दिला.

परतताना देहू फाट्याच्या अलीकडे टेम्पो वाहतुकीत अडकला. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, शेजारी चाकणहून सुटलेल्या शिफ्टची बस. उन्हं कलली होती. हॉर्न वाजवून वाजवून सगळे कंटाळले. टेम्पोतल्या कुणीतरी गौळण सुरू केली. पेटी पोत्यात बांधलेली होती, म्हणून पट्टी कुणी ठरवली नाही. सूर आपला आपणच जिथं बरं वाटतं तिथं जाऊन बसला. बसच्या खिडक्या एकेक करून सरकल्या. कंपनीचा गणवेश घातलेली पोरं दंडावर हनुवट्या टेकवून ऐकू लागली. गौळण संपली तशी एकानं हाक दिली, "मावशी, अजून एक होऊ द्या! जाम काय इतक्यात सुटत नाही!"

"कुठली म्हणू?" शालनबाईंनी विचारलं.

"तुमाला पायजे ती!"

शालनबाईंनी बाटलीतल्या पाण्याचा घोट घेतला, पाठ सरळ केली आणि विजयश्रीला म्हणाल्या, "सुरू कर. म्या मागनं येते."

आणि विजयश्रीनं सुरू केलं.